विषय: लिफ्टमधलं काचेचं टच पॅनल. सहावी तक्रार, त्यातली पहिली लेखी

महोदय,

तुमच्या ग्राहक सेवेशी माझं पाचवं बोलणं आज सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी संपलं. अकरा वाजून अकरा मिनिटांनी एसएमएस आला : ‘आपली तक्रार समाधानकारकरीत्या निकाली काढण्यात आली आहे.’ समाधान कोणाचं झालं ते एसएमएसमध्ये लिहिलेलं नाही. माझं झालेलं नाही. म्हणून हे पत्र थेट व्यवस्थापनाला. ज्यांनी हे पॅनल बनवलं त्यांना ते कसं चालतं हे तरी ठाऊक असेल, असं मी धरून चाललो आहे.

मी जन्मापासून दृष्टिहीन आहे आणि नवव्या मजल्यावर राहतो. ३१ वर्षं टेलिफोन ऑपरेटर म्हणून नोकरी केली, तेव्हा बटण या वस्तूबद्दल मला कोणी शिकवू नये, ही आधीच विनंती. आमच्या इमारतीत १९ वर्षं तुमच्याच कंपनीची लिफ्ट होती. गोल बटणं, दोन रांगा, आकडे उठावदार आणि प्रत्येकाच्या डावीकडे ब्रेल. नऊ नंबर डाव्या रांगेत, घंटेच्या बटणापासून मोजत गेलं की लगेच सापडायचा. त्याची कड झिजून जराशी गुळगुळीत झाली होती आणि दाबलं की आत ‘टक्’ व्हायचं. दोन्ही हातांत पिशव्या असल्या तर मी ते बटण बोटाच्या पेराने दाबायचो. १९ वर्षांत एकदाही मजला चुकला नाही.

चार महिन्यांपूर्वी तुम्ही ‘आधुनिकीकरण’ केलंत. बटणं गेली, काच आली. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सपाट, थंड, गुळगुळीत काच. लोक म्हणतात दिसायला सुंदर आहे. असेल.

पहिल्या दिवशी मी आत गेलो आणि सवयीने हात पॅनलवर फिरवला. काहीच लागेना म्हणून आणखी फिरवला. तेवढ्यात तुमच्या लिफ्टने पाचवा, सहावा, सातवा, दहावा आणि अकरावा मजला पक्का केला आणि शेवटी घंटाही वाजवली, कारण घंटासुद्धा त्याच काचेत आहे. स्पीकरमधून रखवालदाराचा आवाज आला, ‘‘कोण अडकलंय?’’ म्हटलं, ‘‘कोणी नाही रे बाबा, मी नऊ शोधतोय.’’ माझ्यासोबत आणखी एक गृहस्थ होते. ते बोलले काही नाहीत. पण पाचव्यावर दार उघडलं आणि बाहेर कोणीच नव्हतं, सहाव्यावर उघडलं आणि कोणीच नव्हतं, आणि दर वेळी त्यांनी सोडलेला सुस्कारा मला ऐकू आला. कान शाबूत आहेत माझे.

तुमच्या तंत्रज्ञांना हे माहीत असणारच, तरी लिहितो, कारण पाच फोनमध्ये एकालाही ते समजावता आलं नाही. डोळस माणूस आधी बघतो, मग दाबतो. त्याच्यासाठी ही दोन वेगळी कामं आहेत, दोन वेगळ्या अवयवांची. माझं बघणं बोटाने होतं. तुमच्या काचेला जोर लागत नाही. बोट जवळ आलं की तिथलं विद्युत क्षेत्र बदलतं आणि तेवढ्यावरच ती हुकूम मिळाला असं मानते. म्हणजे मी नुसतं बघितलं तरी तिच्या लेखी दाबलंच. दुकानात एखाद्या वस्तूकडे तुम्ही नुसतं बघितलंत आणि तेवढ्यावर कोणी बिल हातात ठेवलं, तर तुम्ही त्या दुकानाची पायरी परत चढाल का?

दुसऱ्या तक्रारीनंतर तुमचा मेकॅनिक आला. मुलगा सज्जन होता, त्याच्याबद्दल तक्रार नाही. त्याने आकड्यांवर पारदर्शक ब्रेल पट्टी चिकटवली आणि म्हणाला, ‘‘काका, आता वाचा.’’ मी वाचायला बोट ठेवलं आणि लिफ्ट निघाली. ब्रेल बोटाने वाचतात हो. टिंबाची उंची जेमतेम अर्धा मिलिमीटर, वाचायचं तर बोट त्यावरून सरकवावंच लागतं. आणि पट्टी इतकी पातळ की तिच्या खालच्या काचेला बोट कळतंच. नऊपर्यंत पोहोचेतो खालचे सगळे मजले लागलेले. तो मुलगा बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, ‘‘खरंच की.’’ तुमच्या कंपनीकडून मिळालेलं हे आजवरचं एकमेव प्रामाणिक उत्तर.

तरीही आम्ही मार्ग काढला. माझ्या बायकोने नऊच्या पट्टीशेजारी नेलपॉलिशचा जाडसा थेंब सुकवला. काचेच्या कडेकडेने, जिथे काही लागत नाही तिथून, बोट वर न्यायचं, थेंब लागला की आत वळायचं. तीन आठवडे छान चाललं. मग तुम्ही रात्रीतून सॉफ्टवेअर अपडेट केलंत. दोन रांगांच्या तीन रांगा झाल्या. पट्टी जिथल्या तिथे, आकडे भलतीकडे. ब्रेल म्हणतं नऊ, काच समजते बारा. हे मला कोणी कळवलं नाही. मी थेंब शोधला, दाबला, दार उघडल्यावर उतरलो, डावीकडे सात पावलं चाललो आणि कुलपात किल्ली घातली. ती फिरेना. आतून एका बाईंचा घाबरलेला आवाज आला, ‘‘कोण आहे?’’ माझ्या घराच्या दाराआडून परक्या बाईचा आवाज. ते दोन सेकंद काय वाटलं ते लिहीत बसत नाही. बाराव्या मजल्यावरच्या त्या बाई भल्या निघाल्या, मला खालपर्यंत सोडायला आल्या.

कितवा मजला आला हे लिफ्टने बोलून सांगायला हवं होतं, असं तुम्ही म्हणाल. ती बोलते. कोणाच्या तरी तक्रारीवरून आवाज इतका बारीक केलाय की तुमच्याच जाहिरातीच्या संगीताखाली तो बुडतो. तो आवाज वाढवून द्या हे मी पहिल्या, तिसऱ्या आणि चौथ्या फोनमध्ये सांगितलं आहे. वाढलं ते संगीत.

आता आजचा फोन. आवाज रेकॉर्ड होतो असं सुरुवातीलाच ऐकवता, तेव्हा पुन्हा ऐकून पडताळून बघा.

तुमच्या प्रतिनिधीने आधी माझी तक्रार ‘‘मी समजू शकते, सर’’ असं म्हणत चार वेळा समजून घेतली. मग म्हणाली, ‘‘सर, स्क्रीनच्या खालच्या कोपऱ्यात निळं चिन्ह दिसतंय का?’’

मी म्हटलं, ‘‘मॅडम, मला दिसत नाही.’’

‘‘ओके सर, मग थोडं वरती बघा.’’

‘‘मला काहीच दिसत नाही. मी दृष्टिहीन आहे. तक्रार त्याचीच आहे.’’

‘‘ओके सर. ते चिन्ह दृष्टिहीनांसाठीच आहे, सर. दिसलं की तीन सेकंद दाबून धरायचं.’’

मी म्हटलं, ‘‘दिसलं की?’’

यावर तिने मला होल्डवर ठेवलं. सहा मिनिटं. तेच जाहिरातीचं संगीत, जे आमच्या लिफ्टमध्येही वाजतं. परत आली आणि म्हणाली, ‘‘सर, आमच्या सिस्टीममध्ये तुमचं पॅनल ॲक्सेसिबल म्हणूनच दिसतंय.’’ म्हटलं, तुम्हाला दिसतंय ना, मग प्रश्नच मिटला. हे मला बोलायचं नव्हतं, पण गेलं तोंडून.

मग ती म्हणाली, ‘‘सर, घरात तुमच्यासोबत कोणी नॉर्मल व्यक्ती आहे का? त्यांच्याकडे फोन देता का प्लीज?’’

मी गप्प झालो. बायको शेजारीच कपड्यांच्या घड्या घालत होती. फोन स्पीकरवर होता. तिचे हात थांबलेले मला कळले, कारण कापडाची सळसळ थांबली. घरात आम्ही दोघंच असतो. मला उजेड-अंधार तरी कळतो, तिला तेवढंही नाही. म्हणजे तुमच्या हिशोबाने आमच्या घरात नॉर्मल असं कोणीच नाही. मी तसं सांगितलं. पलीकडून ‘‘ओह’’ आलं. आणि मग, देवाशपथ सांगतो, ‘‘मग शेजारी कोणी?’’

मी ३१ वर्षं फोनवर लोकांशी बोललो. रात्री-अपरात्री, चिडलेल्या, रडणाऱ्या, दारू प्यायलेल्या माणसांशी. त्यांतल्या एकालाही मी कधी ‘घरातल्या शहाण्या माणसाला फोन द्या’ असं म्हटलं नाही. त्या मुलीचा राग नाही माझा. तिच्यासमोर जे लिहून ठेवलेलं असतं ते ती वाचते. मला राग आहे तो हे लिहून देणाऱ्याचा. शेवटी तिने विचारलं, ‘‘आणखी काही मदत करू शकते का, सर?’’ आणखी! आधी काही केलेली असली तर ‘आणखी’ म्हणतात.

आता ‘तांत्रिकदृष्ट्या शक्य नाही’ हे उत्तर पाठवायच्या आधी पुढचं वाचा. सपाट काच दृष्टिहीनाला वापरता येते हे २००९ सालीच आयफोन ३जीएसने दाखवून दिलं. त्यात व्हॉइसओव्हर आलं. बोट फिरवलं की खाली काय आहे ते फोन बोलून सांगतो, आणि दोनदा टकटक केल्याशिवाय काही उघडत नाही. दोन वर्षांनी अँड्रॉइडवरही ती सोय आली. बघणं वेगळं, दाबणं वेगळं. झालं! माझ्या खिशातल्या फोनला जे इतक्या वर्षांपासून कळतं, ते तुमच्या ‘स्मार्ट’ लिफ्टला कळत नाही. हे पत्रसुद्धा मी त्याच तंत्राने टाइप केलंय, कोणी नॉर्मल व्यक्ती सोबत नसताना.

आणि एवढाही खटाटोप नको असेल तर साधी बटणं द्या. अमेरिकेच्या एडीए म्हणजे अपंगांविषयीच्या कायद्याच्या २०१० च्या मानकांत लिफ्टची बटणं किमान १९ मिलिमीटरची, त्यांच्या डावीकडे उठावदार आकडे आणि ब्रेल, आणि घंटा वगैरे आणीबाणीची बटणं पॅनलच्या तळाशी एकत्र, असं स्पष्ट आहे. बटणांऐवजी आकड्यांचा कीपॅड द्यायचा असेल तर तो टेलिफोनच्या मांडणीचा हवा आणि पाचावर एक उंचवटा हवा. पाचावरचा तो ठिपका! त्या एका ठिपक्यावर मी घर चालवलं. बोट पाचावर टेकलं की बाकीचे नऊ आकडे आपोआप जागेवर येतात. सगळ्या काचेवर तुम्हाला तेवढा एक ठिपका ठेवावासा वाटला नाही. युरोपच्या ईएन ८१-७० मानकात तर इमारतीबाहेर पडायच्या मजल्याचं बटण बाकीच्यांपेक्षा सुमारे ५ मिलिमीटर वर उचललेलं ठेवायला सांगितलंय, म्हणजे माणूस निदान बाहेर तरी पडू शकेल. ही मानकं तुम्हाला पाठ असणार. तुमच्या माहितीपुस्तिकेच्या शेवटच्या पानावर अपंगांच्या हक्कांच्या २००६ च्या संयुक्त राष्ट्र कराराबद्दल ‘बांधिलकी’ छापलेली आहे. भाच्याने वाचून दाखवली. त्याच करारातलं कलम ९ सुगम्यतेचं आहे, तेही कोणाकडून तरी वाचून घ्या.

मला काय हवंय ते एकदाच सांगतो. काचेच्या बाहेर, हाताला लागतील आणि दाबल्याशिवाय चालणार नाहीत, अशी उठावदार आकड्यांची बटणं. घंटा काचेतून बाहेर काढलेली. आणि आवाज. आवाज वाढवा, हे मी आता चौथ्यांदा सांगतोय.

‘आमचं ॲप डाउनलोड करा, फोनवरून लिफ्ट बोलवा’ हे उत्तर तिसऱ्या फोनमध्ये मिळालेलं आहे. ॲप डाउनलोड केलं. त्यातल्या एकाही बटणाला नाव दिलेलं नाही, त्यामुळे फोन वाचून दाखवतो : ‘बटण. बटण. बटण.’ काचेवरचीच लिफ्ट, फक्त खिशातली.

१५ दिवसांत लेखी उत्तर आलं नाही तर मी ग्राहक आयोगाकडे जाणार आहे. त्याहून जवळची गोष्ट म्हणजे, तुमचा वार्षिक देखभालीचा करार पुढच्या महिन्यात नूतनीकरणासाठी येतोय आणि मी गेल्या महिन्यापासून सोसायटीच्या समितीवर आहे. हे बहुधा तुमच्या सिस्टीममध्ये दिसत नसेल. खरं तर मला दुसरी कंपनी नकोच होती. १९ वर्षं पाहुण्यांना कौतुकाने सांगत आलो की आमच्या लिफ्टची बटणं बघा, नव्हे, हात लावून बघा. ती काढून नेलेली जुनी पट्टी भंगारात गेली नसेल तर निदान नवाचं बटण मला पाठवून द्या.

उत्तर ई-मेलने पाठवा, आणि साध्या मजकुरात. कागद स्कॅन करून फोटो पाठवू नका. पहिल्या तक्रारीची पोचपावती तशीच आली होती. फोनने ती वाचली : ‘प्रतिमा’.

आपला,
नवव्या मजल्यावरचा ग्राहक
(तक्रार क्रमांक तुमच्याकडे आहेत, पाचही)

ता. क. : हे लिहीत असतानाच तुमचा आणखी एक एसएमएस आला. आजच्या सेवेला किती तारे द्याल, असं विचारलंय. लिंक उघडली. फोन म्हणाला, ‘बटण, बटण, बटण, बटण, बटण.’ त्यातलं पहिलं कुठल्या बाजूचं ते कळेना, म्हणून अंदाजाने एक दाबलंय. पाच तारे गेले असतील तर ते धरू नका.