वर्गणी भरून काढून घेतलेली व्यंगचित्रे

संपादक महोदय,

आपल्या रविवार पुरवणीत विसाव्या शतकाच्या आरंभीच्या अमेरिकी व्यंगचित्रांवरचा लेख वाचला. सोबतच्या चित्रात एक लाकडाचा व्यापारी ओंडक्यावर ऐटीत बसला आहे, डोके भले मोठे, पाय काडीसारखे. खाली आपण ओळ दिली आहे : ‘धनिकांची निर्भीड खिल्ली’. माझी हरकत या ओळीला आहे. अशा प्रकारची चित्रे त्या धनिकांनी स्वतः पैसे मोजून काढून घेतलेली असत.

माझी हयात छापखान्यासाठी जस्ताचे ब्लॉक, म्हणजे आम्लाने कोरलेले चित्रांचे ठसे, करण्यात गेली, त्यामुळे चित्र दिसले की आधी रेषा दिसते. या चित्रात चेहऱ्यावर बारीक, एकमेकींना छेदणाऱ्या रेषा आहेत आणि मिशीचा केसन् केस जागेवर आहे. गळ्याखाली मात्र चार फटकाऱ्यांत काम उरकले आहे. चेहरा फोटोवरून नीट उतरवायचा, त्याला धक्का लावायचा नाही आणि गंमत करायची ती धडाची, कपड्यांची, हातातल्या वस्तूंची, अशी ही पद्धत होती. टीका करणारा चित्रकार आधी चेहऱ्यालाच हात घालतो.

त्या काळी अमेरिकेत शहरोशहरी असे संग्रह निघाले. गावातल्या वर्तमानपत्रांचे चित्रकार एकत्र येत आणि बँकवाले, खाणमालक, रेल्वेचे अधिकारी, वकील यांच्याकडून वर्गणी गोळा करत. मग प्रत्येकाला एकेक पान मिळे. ‘कार्टून्स अँड कॅरिकेचर्स ऑफ सिएटल सिटिझन्स’ १९०६ मधले आहे. सिएटलच्याच वॉशिंग्टन राज्यातल्या स्पोकेन शहराच्या क्लबातल्या मंडळींचा असाच संग्रह १९११ मध्ये निघाला. तो छापला देशाच्या दुसऱ्या टोकाला, न्यूयॉर्क राज्यातल्या ईस्ट ऑरोरा गावी, एल्बर्ट हबर्ड यांच्या रॉयक्रॉफ्ट छापखान्यात. कागद आणि बांधणी यांसाठी नावाजलेला तो छापखाना. गिऱ्हाइकाला दिवाणखान्यात ठेवण्याजोगी वस्तू हवी होती हे त्यावरूनच दिसते.

पण चित्रकारांना विकाऊ म्हणून मोकळे होणेही मला पटत नाही. लहान शहरांतले हे लोक खडूच्या पट्टीवर काम करत आले होते. पोलादी पत्र्यावर खडूसारखा थर द्यायचा, सुईने तो पोलादापर्यंत कोरायचा, भुकटी फुंकून टाकायची आणि वर छपाईच्या खिळ्यांचा, म्हणजे टाइपाचा, धातू वितळवून ओतून ठसा काढायचा. ती भुकटी नाकातोंडात जाई. आम्लाच्या वाफेत उभे राहून काम केलेल्या माणसाला हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही. त्यात हाफटोन आला, म्हणजे बारीक ठिपक्यांतून फोटो छापण्याची रीत. १८८० मध्ये न्यूयॉर्कच्या ‘डेली ग्राफिक’ने तो छापून दाखवला होता, आणि १८९० नंतरच्या दशकात तो वेगवान यंत्रांवरही चालू लागला. आग, खटला, सभा, पाहुणा यांची हाताने काढलेली चित्रे हळूहळू फोटोंनी बाजूला सारली. अशा वेळी वरकमाईची वाट कोणी धरली, तर त्यात मला लाज वाटण्यासारखे काही दिसत नाही.

तरीही दोन्ही कामे एका मापाने मोजू नयेत. १८७१ मध्ये व्यंगचित्रकार टॉमस नास्ट न्यूयॉर्कच्या भ्रष्ट पुढाऱ्यांच्या ट्वीड टोळीवर तुटून पडला. चित्रे थांबवून युरोपात कला शिकायला जावे म्हणून त्याला एक लाख डॉलर देऊ केले, त्याने घासाघीस करत आकडा पाच लाखांवर नेला आणि मग साफ नकार दिला, अशी हकिकत त्याच्या चरित्रात आहे. चार्ल्स नेलन या व्यंगचित्रकाराने पेनसिल्व्हेनियाचे राज्यपाल झालेल्या पेनीपॅकर यांना पोपट म्हणून रंगवले, तेव्हा १९०३ मध्ये माणसाला पशुपक्ष्याच्या रूपात दाखवण्यावर बंदी घालणारे विधेयकच तिथे मांडले गेले. वॉल्ट मॅकडूगल या दुसऱ्या व्यंगचित्रकाराने लगेच पुढाऱ्यांना भाज्यांच्या रूपात काढले! ते विधेयक बारगळले. मात्र त्याच वर्षी वर्तमानपत्रांना जाचणारा अब्रुनुकसानीचा कायदा झाला, तो १९०७ मध्ये रद्द झाला. निर्भीड हा शब्द या लोकांसाठी राखावा.

वर्गणीच्या संग्रहांचे मोल निराळे आहे. मोटार, गोल्फची काठी, खाणीचा नकाशा, तिजोरी अशा वस्तू चित्रात पाहिल्या की १९०६ च्या सुमाराच्या व्यापाऱ्याला लोकांनी आपल्याला कसे पाहावे असे वाटत होते ते कळते. त्याचे ओंडके तोडणारे मजूर मात्र या पानांत नाहीत, आणि बायका जवळजवळ नाहीतच. इतिहासासाठी ही चित्रे वापरणाऱ्याने हे आधी सांगितले पाहिजे, नाहीतर पैसे भरणाऱ्यांची यादी म्हणजेच ते शहर असे वाचकाला वाटेल.

म्हणून विनंती एवढीच की पुढच्या अंकात दुरुस्ती द्यावी. यापुढे असे चित्र छापाल तेव्हा संग्रहाचे नाव आणि साल द्या, आणि ‘वर्गणीदाराचे चित्र’ एवढे दोन शब्द चित्राखालीच छापा. लेखाच्या शेवटी बारीक टाइपात नकोत, तिथे ते कोणी वाचत नाही.

आपला,
एक निवृत्त ब्लॉकमेकर