अकरावा खंड संपला

प्रिय मित्रा,

काल रात्री रॉबर्ट जॉर्डनच्या 'द व्हील ऑफ टाइम' या फँटसी कादंबरीमालेचा अकरावा खंड संपवला. घरात कुणाला सांगून उपयोग नव्हता, म्हणून तुलाच लिहायला बसलो. तब्येत ठीक. कंबर अधूनमधून धरते, बाकी मजेत.

पेरिनची बायको सुटली रे एकदाची! आठव्या खंडाच्या शेवटी पळवून नेलेली, ती अकराव्यात सुटते. खंड निघतील तसे वाचणाऱ्यांनी १९९८ पासून २००५ पर्यंत वाट पाहिली. माझ्यापुढे सगळे खंड ओळीने उभे होते, तरी जीव टांगणीला लागला होता.

आणि तू म्हणायचास, दहावा सोडून दे, सारांश वाच! नवव्याच्या शेवटी एवढं मोठं काही घडतं आणि दहाव्यात शेकडो पानं लोक ते लांबूनच जाणवून दचकत बसतात, हे कबूल. पण तो धान्याचा प्रसंग आठव. बायको शत्रूच्या छावणीत, आणि हा गडी सैन्याच्या पोटासाठी त्या भुताटकीच्या गावात धान्य घ्यायला जातो. तर धान्यात किडे! मग ते पाखडत बसा. पाखडण्यावर एवढी पानं कशाला, म्हणून तू वैतागला होतास. अरे, त्याला धावत सुटायचंय आणि उपाशी सैन्य धावत नाही. त्याची ती तगमग पानागणिक आपल्यालाही सोसावी लागते. शिवाय ती चामड्याची दोरी, बायको गेल्यापासूनच्या प्रत्येक दिवसाची एक गाठ. पुढे हाच माणूस कैद्याचा हात तोडतो आणि मग आपली कुऱ्हाड कायमची टाकून देतो. सारांशात याची एक ओळ होईल. त्या गाठी पाहिल्या नसतील, तर त्या ओळीतून काय कळणार?

नायनीव्हच्या वेणीबद्दल मात्र तुझंच खरं. इतक्यांदा ओढते की एव्हाना टक्कल पडायला हवं होतं. एग्वेन या पात्रावरून पुन्हा भांडायची माझी तयारी आहे.

खरी काळजी पुढचीच आहे. जॉर्डनने स्वतः पूर्ण केलेला हा मालिकेतला शेवटचा खंड. २००७ मध्ये तो गेला. उरलेले तीन दुसऱ्या लेखकाने, ब्रँडन सँडरसनने, त्याच्या टिपणांवरून आणि लिहून ठेवलेल्या प्रसंगांवरून पुरे केले. सँडरसनला निवडलं हॅरिएटने, म्हणजे जॉर्डनच्या बायकोने, आणि तीच त्याची संपादकही होती. तिच्या नजरेवर माझा विश्वास आहे. तरी बारावा हातात घेतला आणि परत ठेवला. जो तो म्हणतो, इथून गोष्ट वेग घेते. मला त्याचाच धसका बसलाय. झग्यावरची नक्षी, खोगीर, खाणावळीतली चूल, सगळं सावकाश सांगणारा जॉर्डन शेवटच्या लढाईकडे निघालेल्या या सगळ्यांना जरा जगू देत होता. आता त्यांना कुणी घाईने तिकडे लोटलं तर? मॅटचे विनोद दुसऱ्या कुणाच्या तोंडून आल्यासारखे वाटले तर? अकरा खंडांची ओढ असूनही मला शेवटचा, चौदावा नकोसा झालाय, हे तुझ्याशिवाय कुणाला पटेल?

तुझ्या बदलीचं काय झालं? काकूंच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं असेलच. वहिनींना नमस्कार. दादा भेटला तर माझी पुस्तकं त्याच्याकडून काढून घे, तो देणार नाही, पण माग.

बाराव्यात काय घडतं ते मुळीच सांगू नकोस. पेरिन पेरिनसारखाच बोलतो का, एवढंच कळव. लगेच कळव, तोवर मी पान उघडत नाही.

तुझाच,
मी