इन्फ्रारेड फोटोत भूत नसतं

मा. संपादक,
स.न.वि.वि.

रविवारच्या पुरवणीतलं गाविलगड किल्ल्याचं आणि परतवाड्याकडच्या गोऱ्यांच्या कबरींचं, पांढऱ्याफेक झाडांच्या इन्फ्रारेड फोटोंचं पान पाहिलं. फोटो देखणे आहेत, काढणाऱ्याची मेहनत दिसते. पण त्याखालच्या ओळी वाचून माझं डोकं फिरलं. ‘मृतात्म्यांचा प्रकाश’ काय, ‘जमिनीखालची ऊब टिपणारा कॅमेरा’ काय! हे कोणी तपासलं की नाही?

इन्फ्रारेड फोटोत झाड पांढरं येतं ते हिरव्या पानामुळे. तांबड्यापलीकडचा, आपल्या डोळ्याला न दिसणारा प्रकाश पान शोषत नाही, परतवून लावतं. निळं आकाश त्याच प्रकाशात काळं पडतं. रॉबर्ट वूड या अमेरिकन शास्त्रज्ञाने असे फोटो १९१० मध्येच छापले होते. तोच कॅमेरा घेऊन आमच्या वावरात या, तूर आणि धुऱ्यावरची बाभूळ अशीच पांढरीफेक दिसेल. उष्णता टिपणारा थर्मल कॅमेरा वेगळा. तो साधारण ८ ते १४ मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) लहरी पकडतो, तुमचा हा कॅमेरा जेमतेम १ मायक्रॉनपर्यंतच्या. कबरीच्या आतलं दोघांनाही दिसत नाही.

मी एवढा चिडलो याला कारण आहे. काही वर्षांपूर्वी एका दैनिकात (आपल्या नव्हे) याच कबरींवर ‘रहस्यमय’ म्हणून बातमी आली होती. थोड्याच दिवसांत कोणीतरी रात्री येऊन एका तान्ह्या लेकराची कबर फोडली. गुप्तधनासाठी! सकाळी जाऊन पाहतो तर दगडाचे दोन तुकडे, खड्ड्याच्या काठावर लिंबं आणि कुंकू, आणि सब्बलीचा घाव नेमका नावावर. ‘अकरा महिने’ एवढं वय तेवढं वाचता येत होतं. तक्रार घेऊन एका कार्यालयात गेलो, तर तिथल्या माणसाने कागद हातात घ्यायच्या आधी विचारलं, “सायेब, पण खाली काही भेटलं का?” अर्जाचं पुढे काहीच झालं नाही. आणि आता तुम्ही जमिनीखालची ऊब छापता, वर चौकटीत तिथे जायचा रस्ताही देता!

नोंद करायची असेल तर सकाळी लवकर किंवा दिवस बुडताना यावं, नाहीतर टॉर्च दगडाला जवळजवळ टेकवून आडवा उजेड पाडावा. झिजलेल्या अक्षरात सावली बसते आणि नाव उठून येतं. साध्या मोबाइलवर होतं हे काम. मी अशी नावं वहीत उतरवून ठेवली आहेत. इन्फ्रारेड निरुपयोगी आहे असं मी म्हणत नाही. डागाळलेल्या जुन्या कागदावरची काजळीची शाई त्यात छान वाचता येते. पण त्यासाठी दप्तरखान्यात बसावं लागतं, आणि तिथे पांढरी झाडं मिळत नाहीत.

आणखी एक. गाविलगड १८५७ मध्ये पडला, असं छापलं आहे. तो पडला १५ डिसेंबर १८०३ रोजी. २९ नोव्हेंबरला इंग्रज आणि मराठ्यांची अडगावची लढाई झाली आणि पंधरा-सोळा दिवसांत वेलस्ली आणि स्टीव्हन्सन या इंग्रज सेनानींच्या फौजांनी गड घेतला. किल्लेदार बेनीसिंग तिथेच लढताना मारला गेला. त्याच्यासोबत पडलेल्यांच्या कबरीही नाहीत आणि नावंही नाहीत, म्हणून तुमच्या पानावर त्यांना एक ओळसुद्धा नाही. अख्ख्या पानात मेलेले सगळे गोरेच! अमरावती जिल्ह्यात खपणाऱ्या पेपरात हे शोभतं का?

माझं मागणं एवढंच आहे. साल दुरुस्त करा, बेनीसिंगाचं नाव छापा, ‘ऊब’ आणि ‘मृतात्मे’ चुकीचं होतं असं स्पष्ट लिहा. तेही त्याच पुरवणीत, तेवढ्याच मोठ्या अक्षरात. आणि रस्त्याची ती चौकट इंटरनेट आवृत्तीतून आजच्या आज काढा.

आपला,
एक जुना वाचक
ता. अचलपूर, जि. अमरावती