बिनपगारी डेपो

अनगोळ, बेळगाव

चि. सौ. ताईस,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू चिडलीस आणि मी ‘बरं, बघू’ म्हणून फोन ठेवला. फोनवर मला मुद्द्याचं बोलता येत नाही, त्यात तुझी आई मागून बोलत असते. म्हणून लिहितोय. साठीपर्यंत बसच्या डेपोत राबलात, आता त्या पेशंटचं सामान देणाऱ्या संस्थेत फुकट कशाला राबता, पुण्याला या, असं तुझं म्हणणं. त्यातलं ‘फुकट’ मान्य. बाकीचं ऐक.

तुला वाटतं मी तिथं खुर्चीवर बसून पावत्या फाडतो. त्याला बँकेतनं रिटायर झालेले एक गृहस्थ आहेत. माझ्याकडं सामान आहे. डोक्याकडून वर उचलता येणारी फाउलर कॉट, हवेची गादी, वॉकर, कमोड खुर्ची, व्हीलचेअर, ऑक्सिजनचं मशीन. लोक अनामत भरून नेतात, काम झालं की परत आणतात. काहींच्या घरात वॉकरवर टॉवेल वाळत पडतो आणि दहा फोन केल्यावर तो येतो, ते सोड. आलेली वस्तू सरळ कधीच नसते. व्हीलचेअरच्या पुढच्या चाकांत केस, सुतळी, साडीचे दोरे असे आवळून बसलेले असतात की चाक फिरायचं सोडून घासत जातं. ते सगळं कापून काढायचं, बेअरिंग धुवायचं, ग्रीस भरायचं, ब्रेक ओढून बघायचा. बसच्या हबचंच काम, आकार तेवढा लहान.

ऑक्सिजनच्या खोलीत मात्र सगळं उलटं. तिथले डॉक्टर माझे हात बघून म्हणाले, ‘आधी साबणानं धुवून या.’ सिलिंडरच्या व्हॉल्व्हला किंवा रेग्युलेटरला तेलाचं बोट लागलं, तर दाबाखालच्या ऑक्सिजनमध्ये ते पेट घेऊ शकतं. जाम नटाला तेल सोडण्यात माझा जन्म गेला. इथं नट जाम असला तर कोरडाच फिरवायचा, नाही फिरला तर सिलिंडर परत पाठवायचा. सवय मोडायला वेळ लागला.

पण खरं काम दुरुस्तीचं नव्हे, दाखवून द्यायचं. मशीन घेऊन जाणारा माणूस घाबरलेला असतो, दवाखान्यातनं थेट आलेला असतो, त्याच्या कानात काही शिरत नाही. मी त्याला बसवतो, चहा देतो, मग सांगतो. हे मशीन ऑक्सिजन साठवत नाही. खोलीतल्या हवेत २१ टक्के असतो, त्यातला नायट्रोजन आत अडवून ते ९० टक्क्यांच्या वरचा बाहेर सोडतं. म्हणजे लाइट गेली की संपलं. बेळगावात चालून जाईल, पण जांबोटी-कणकुंबीकडं पावसाळ्यात झाड तारेवर पडलं की लाइट कधी येईल हे लाइनमनलाही सांगता येत नाही. तिकडं मशीनबरोबर भरलेला सिलिंडर गेलाच पाहिजे. दीड हजार लिटरचा सिलिंडर मिनिटाला २ लिटरनं साडेबारा तास पुरतो, हा हिशोब मी त्यांच्याकडनं वहीत करून घेतो. माणसानं स्वतः भागाकार केला की तो रात्री दोन वाजता घाबरत नाही.

दुसरी गोष्ट मशीनवरचा ऑक्सिजनचा काटा वाढवण्याची. म्हाताऱ्याला धाप लागली की घरचे प्रेमानं दोनाचे पाच करतात. चुलीच्या धुरानं नाहीतर विडीनं फुफ्फुसं कामातनं गेलेल्या काही पेशंटना जास्त ऑक्सिजन बाधतो. रक्तात कार्बन डायऑक्साइड साचतो, माणूस गुंगीत जातो, आणि घरच्यांना वाटतं, बरं झालं, शांत झोप लागली. म्हणून डॉक्टरांच्या चिठ्ठीवर जो आकडा असेल तोच. बैलहोंगलकडचे आले की मी ‘एरडु लीटर, अष्टे’ म्हणून बोट नाचवतो. डेपोत शिकलेलं कन्नड असं कामाला येतंय. चिठ्ठीच नसेल तर मशीन देत नाही, मग कुणाचाही फोन येऊ दे. यावरून मला शिव्याही बसल्यात. आणि निपाणीकडचे एक आजोबा नळी नाकात ठेवून विडी मागत होते! त्यांच्या सुनेला मी सांगितलं, विडी, उदबत्ती, देवाचा दिवासुद्धा त्या खोलीत नको.

हवेच्या गादीचं तर विचारूच नकोस. ती आली म्हणजे पेशंटला वळवायला नको, असा सगळ्यांचा समज. गादीतले कप्पे आळीपाळीनं फुगतात, म्हणून एकाच जागी दाब राहत नाही, इतकंच. तरी दर दोन तासांनी कूस बदलायचीच. वर जाड गोधडी घालायची नाही, पातळ चादर बस्स. पोटरीखाली उशी देऊन टाच अधांतरी ठेवायची. आणि मंगळसूत्रात अडकवलेली सेफ्टी पिन आधी काढायची, कारण पंक्चर मलाच काढावं लागतं.

२०२३ च्या जूनपासून कर्नाटकात बायकांना सरकारी बस फुकट झाली, तेव्हापासून खानापूरच्या खेड्यांतनं बायका स्वतःच येतात. नवऱ्याची, सासूची चिठ्ठी पदराला बांधून. पुरुषांपेक्षा त्या बारकाईनं विचारतात. वॉकर बसमधनं न्यायचा असला तर मी स्टँडवर जातो, ड्रायव्हर-कंडक्टर ओळखीचे असतात, जागा होते. हे काम माझ्यावाचून अडेल असं नाही. पण माझ्यानंतर बसणारा मुलगा अजून तयार होतोय, आणि पावसाळा तोंडावर आहे.

संस्थेतलं मला एक आवडत नाही, तेही सांगतो. कुणी कॉट दिली की देणाऱ्याचा फोटो, ते ठीक. त्यात पेशंटला बसवून हार घालतात. मी सांगून बघितलं. आता फोटोच्या वेळी मी वर्कशॉपात असतो.

तर पुण्याला मी दिवाळीनंतर येईन. तोवर तुझी आई हवी तर पुढं येईल, तिला नातवंडांची ओढ आहेच.

विहीणबाईंच्या गुडघ्याच्या ऑपरेशनची तारीख ठरली म्हणालीस. नवा वॉकर विकत घेऊ नका, पुण्यात साहित्य देणाऱ्या संस्था आहेत, चौकशी कर. घेताना त्यांना सरळ उभं करून हात खाली सोडायला सांग. मनगटाची घडी जिथं येते, तिथं वॉकरची मूठ यायला हवी. चारी पायांची रबरी टोपणं उलटी करून बघ, झिजलेली असतील तर बदलून माग. पुढं डॉक्टरांनी काठी दिली तर ती चांगल्या पायाच्या बाजूच्या हातात. जिना चढताना चांगला पाय आधी, उतरताना ऑपरेशनचा आधी. जावईबापूंना हे वाचून दाखव, ते तुझ्यापेक्षा नीट ऐकतात.

तुझे,
अप्पा

ता.क. आई म्हणते, कुंदा पाठवतोय, पण सगळा एकदम संपवू नका.