पीसीओएस : सोनोग्राफीच्या पुढे काय?

महोदय,

पीसीओएस या अंडाशय आणि संप्रेरकांच्या (हार्मोन्सच्या) विकाराचे उपचार अनेकदा सोनोग्राफी आणि पाळीच्या गोळ्यांवरच थांबतात, हे चूक आहे. बऱ्याच जणींत वाढलेले इन्सुलिनच अंडाशयाला जास्त अँड्रोजन (पुरुषी संप्रेरक) बनवायला लावते. म्हणून साखरही तपासायला हवी. उपाशीपोटीची साखर नॉर्मल आली म्हणून निर्धास्त राहू नये. ७५ ग्रॅम ग्लुकोज प्यायल्यावर दोन तासांनी साखर १४० ते १९९ भरली, तर ती मधुमेहाची पूर्वावस्था. ही तपासणी निदानावेळी आणि पुढे दर एक ते तीन वर्षांनी व्हावी, सडपातळ मुलींचीही. इन्सुलिनचे काम सुधारणारे मेटफॉर्मिन हे औषध एकदम पूर्ण मात्रेत दिले की अनेकींना मळमळ, जुलाब होतात आणि गोळीच सुटते. ५०० मिलिग्रॅमपासून, जेवणासोबत, आठवड्या-दोन आठवड्यांनी डॉक्टरांनी मात्रा वाढवली तर बहुतेकींना ती सोसते. ही गोळी दीर्घकाळ घेणाऱ्यांनी बी-१२ जीवनसत्त्व तपासावे, शाकाहारी असल्यास नक्कीच.

– एक वाचक, सांगली