बरगे काढणे हा पंचगंगेवरचा इलाज नव्हे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पंचगंगा नदीवरच्या तेरवाड बंधाऱ्यावर मेलेल्या माशांचा खच पडल्याची बातमी आम्हा शिरोळ तालुक्यातल्या लोकांना नवी नाही. पाणी कोऱ्या चहासारखं काळपट होतं, उग्र वास सुटतो, मासे तोंड वर काढून तडफडतात आणि काठावर पोती घेऊन माणसं जमतात. तेच मासे पुढं बाजारात जातात, याचा घोर अधिक वाटतो.

मग बोंबाबोंब होते, पाण्याचे नमुने घेतले जातात, राधानगरी धरणातून पाणी सोडलं जातं आणि बंधाऱ्याचे बरगे, म्हणजे पाणी अडवणाऱ्या फळ्या, काढले जातात. घाण पुढं सरकते. पुढं म्हणजे कुठं? नृसिंहवाडीच्या संगमावर, तिथून कृष्णेत आणि कृष्णेकाठच्या गावांच्या नळाला. हा इलाज नव्हे, शेजाऱ्याच्या दारात कचरा लोटणं आहे.

घाण कुठून येते हे शेंबडं पोरही सांगेल. कोल्हापुरात जयंती आणि दुधाळी नाला, इचलकरंजीत काळा ओढा, वाटेतल्या गावांचं सांडपाणी, कापड रंगवणाऱ्या प्रोसेसचं रंगीत पाणी, कारखान्यांची मळी. हे सगळं कुजताना पाण्यातला प्राणवायू खाऊन टाकतं, म्हणून मासे गुदमरतात. मैला आणि शेतातली खतं यांवर जलपर्णी माजते ती वेगळीच.

2012 साली इचलकरंजीत काविळीची साथ आली, माणसं दगावली. आज पंचगंगा उशाला असूनही हे शहर मजरेवाडीहून कृष्णेचं पाणी आणतं आणि सुळकूडहून दूधगंगेचं मागतं. त्यावरून गावागावांत वाद पेटला. उद्या दूधगंगाही नासली तर कोणती नदी मागणार?

शुद्धीकरण केंद्रं हवीतच. पण नाल्याचं पाणी केंद्राकडं उचलणारा पंप बंद पडला की ते नाल्यावरच्या बंधाऱ्यावरून थेट नदीत उतरतं. म्हणून पर्यायी वीज आणि राखीव पंप हवेतच. प्रत्येक नाल्याच्या तोंडाशी पाण्याची तपासणी रोज व्हावी आणि आकडे त्याच दिवशी ग्रामपंचायतीच्या फलकावर लागावेत. प्रक्रिया न करता पाणी सोडणाऱ्याचं नाव, मग तो कारखाना असो वा नगरपालिका, त्याच फलकावर यावं. गावांनीही गटारीचं तोंड नदीकडं न वळवता शोषखड्डे काढावेत, ते ग्रामसभेच्या हातात आहे. आणि मासे मेल्यावर बरगे काढण्याआधी खालच्या गावांना निदान एक दिवस अगोदर कळवावं, म्हणजे नळपाणी योजनांचे उपसा पंप वेळेत बंद ठेवता येतील.

आपला,
एक वाचक, ता. शिरोळ, जि. कोल्हापूर