क्लब कुणाच्या मतानं चालावा?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

जर्मन फुटबॉलबद्दल आपल्याकडे लिहिलं जातं तेव्हा एक तक्रार हमखास असते. तिथले प्रेक्षक हट्टी आहेत, बाहेरचा पैसा आत येऊ देत नाहीत, म्हणून जर्मन क्लब इंग्लंडच्या मागे पडले. मी मूळचा कोल्हापूरचा, तालमीच्या संघांचे सामने बघत वाढलेला. गेली नऊ वर्षं नोकरीनिमित्त बर्लिनला आहे आणि जमेल तेव्हा मैदानात जातो. ही तक्रार मला अजिबात पटत नाही, म्हणून हे पत्र.

जर्मनीत फुटबॉल क्लब म्हणजे मुळात नोंदणीकृत संस्था. वर्गणी भरून सभासद व्हायचं, वार्षिक सभेला जायचं, मत द्यायचं. 1998 साली व्यावसायिक संघ कंपनी करून चालवायची मुभा मिळाली, पण निम्म्यापेक्षा एक मत जास्त मूळ संस्थेकडेच राहील अशी अट घातली गेली. यालाच ‘50+1’ म्हणतात. कुणी शेअर कितीही घ्यावेत, लगाम सभासदांच्या हातात. सहकारी साखर कारखान्यात शेअर कितीही असले तरी सभासदाला मत एकच, हे ज्यांना ठाऊक आहे त्यांना यातलं मर्म वेगळं सांगायला नको. लेव्हरकुसेन आणि वुल्फ्सबर्ग यांना सवलत आहे, कारण ते अनुक्रमे बायर आणि फोक्सवॅगन या कारखान्यांच्या आधारानंच वाढले.

खरा राग आहे तो नियम कागदावर पाळून त्याचा जीव काढून घेण्यावर. 2009 मध्ये रेड बुल या पेय बनवणाऱ्या कंपनीनं लाइपझिगजवळच्या मार्करानस्टेट या छोट्या क्लबची पाचव्या श्रेणीतली जागा घेतली आणि 2016 मध्ये संघ बुंडेसलिगात, म्हणजे जर्मनीतल्या सर्वोच्च श्रेणीत पोचवला. संस्था आहे, पण मताचा अधिकार असलेले सभासद मूठभर, तेही बहुतेक कंपनीच्या जवळचे. 2014 मध्ये हा संघ युनियन बर्लिनच्या मैदानावर आला तेव्हा यजमान प्रेक्षक काळे प्लास्टिकचे अंगरखे घालून पहिली पंधरा मिनिटं गप्प उभे राहिले. ती शांतता कळायला ते मैदान बघायला हवं. 2008-09 मध्ये दोन हजारांहून जास्त समर्थकांनी सुट्ट्या टाकून, बिनपगारी राबून ते नव्यानं उभं केलं. तिथे माझ्या शेजारी एक निवृत्त गवंडी उभे असतात. पहिल्या भेटीत त्यांनी नाव सांगायच्या आधी बोट दाखवलं ते पायाखालच्या सिमेंटच्या पायरीकडे. ती त्यांच्या हातची होती. अशा माणसाला क्लब कुणाचा, हे कंपनीनं काय समजावून सांगावं?

डिसेंबर 2023 मध्ये वरच्या दोन श्रेणींतल्या क्लबांच्या लीगनंच प्रक्षेपण हक्कांच्या उत्पन्नातला आठ टक्के वाटा वीस वर्षांसाठी गुंतवणूकदाराला द्यायचं ठरवलं. 36 क्लबांपैकी दोन तृतीयांश, म्हणजे 24 मतं हवी होती, तेवढीच मिळाली. मतदान गुप्त. हॅनोव्हरच्या मूळ संस्थेनं प्रतिनिधी मार्टिन किंड यांना विरोधात मत द्यायला बजावलं होतं, पण मत कुठे टाकलं हे सांगायला त्यांनी नकार दिला. एका मतावर सगळं अडलेलं असताना सभासदांनी हे मुकाट गिळावं?

त्यांनी गिळलं नाही. पहिली बारा मिनिटं स्टेडियम गप्प राहू लागली. मग मैदानात टेनिसचे चेंडू आणि सोनेरी कागदातली चॉकलेटची नाणी पडू लागली. फेब्रुवारीत हर्था बर्लिन आणि हँबर्ग यांच्या सामन्याला मी होतो. चेंडू येतच राहिले आणि खेळ अर्धा तासाहून जास्त थांबला. कडाक्याच्या थंडीत माझी मुलगी कंटाळली, पण आमच्या रांगेतलं कुणी उठून गेलं नाही. 21 फेब्रुवारी 2024 रोजी लीगनं तो व्यवहार गुंडाळला.

समर्थकांचं सगळंच बरोबर असतं असं नाही. हॉफेनहाइम क्लबचे धनाढ्य पाठीराखे डिटमार होप यांचा चेहरा नेमबाजीच्या लक्ष्यात दाखवणारे फलक लागले, ते हीनच होते. शिवाय या नियमामुळे बायर्न म्युनिकची मक्तेदारी मोडली नाही. त्यांनी 2013 पासून ओळीनं अकरा वेळा विजेतेपद नेलं, हेही खरं.

पण बाहेरच्या पैशानं भलं होतं म्हणणाऱ्यांनी म्युनिकच्याच ‘1860’ नावाच्या क्लबकडे बघावं. तिथे 2011 मध्ये हसन इस्माइक हे धनाढ्य गुंतवणूकदार आले. 2017 मध्ये त्यांनी लागणारे पैसे भरले नाहीत आणि दुसऱ्या श्रेणीतून घसरलेला संघ तिसरीचा परवानाही न मिळता थेट चौथीत गेला. हर्थामध्ये गुंतवणूकदार लार्स विंडहोर्स्ट यांनी 37 कोटी युरोंहून जास्त ओतले, तरी 2023 मध्ये हर्था बुंडेसलिगातून बाहेर पडलाच. दोन्हीकडे दर आठवड्याला तिकीट काढून येणारी माणसं मात्र तीच राहिली.

खेळाडूंच्या बदल्यांच्या रकमा रोज छापून येतात. एकदा एखाद्या जर्मन क्लबच्या वार्षिक सभेचं सविस्तर वृत्त आपण द्यावं, अशी माझी विनंती आहे. नोव्हेंबर 2021 मध्ये बायर्नच्या सभासदांनी कतार एअरवेजच्या करारावरून पदाधिकाऱ्यांना रात्री उशिरापर्यंत धारेवर धरलं होतं. 2023 मध्ये तो करार संपला, पुढे वाढवला गेला नाही.

आपला,
एक वाचक, बर्लिन (मूळ कोल्हापूर)